न मारलेली हाक

दौलताबादच्या मीनल शेजूळनं शंभर मीटरची पदकं ढिगानं आणली, पण तिला आठवते ती एकच शर्यत, राज्य स्पर्धेतली रिले. तिसरा टप्पा तिचा, शेवटचा अश्लेषाचा. बॅटन देताना मागून येणारीनं "घे!" म्हणून ओरडायचं, पुढचीनं मागं न बघता हात करायचा. त्या दिवशी मीनलची दातखीळच बसली. ती ओरडलीच नाही. बॅटन पडली, संघ बाद झाला. खोटं बोलायला मात्र जीभ लगेच चालली, "मी ओरडले, सर. हिलाच ऐकू आलं नाय."

अश्लेषानं ते खरं मानलं. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आली आणि पळणंच सोडलं.

आता मीनल पुंडलिकनगरातल्या पोरींना पळायला शिकवते. परवा अश्लेषा लेकीला घेऊन मैदानावर आली, तेव्हा मीनलला तोंड कुठं लपवावं कळेना. अश्लेषा हसून म्हणाली, "हिला रिलेत घे गं. कान आधीच तपासून आणलेत हिचे. माझ्यासारखं व्हायला नको."

मीनलनं तोंड उघडलं, आणि त्या दिवसासारखाच आजही आवाज फुटला नाही.