पट्ट्यावरचा चढ

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दवाखान्यांची फार आवड. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांना भेटायला जाण्यासाठी. अजिंठ्याच्या अलीकडच्या आमच्या गावातलं कुणीही औरंगाबादला ॲडमिट झालं की दादा मोसंब्यांची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीत बसलाच. पेशंटच्या पायथ्याशी बसायचं, सलाइनच्या बाटलीकडं जाणत्या नजरेनं बघायचं, "काय होत नाय, लई झालं तर चार दिस," असा निकाल द्यायचा आणि आपणच आणलेली मोसंबी सोलून खायची. पेशंट बरा झाला तर श्रेय दादाचं, नाही झाला तर दोष डॉक्टरचा.

स्वतः मात्र तो कुणाला नाडीही दाखवायचा नाही. धडधाकट माणसानं डॉक्टरच्या दारात जायचं म्हणजे दुखण्याला आवतण द्यायचं, असं त्याचं मत.

आमचे वडील, आबा, कपाशीच्या बांधावर बसल्या बसल्या गेले. छातीत जळजळ होतेय, पाणी आणा म्हणाले, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा आता आबांच्या त्या वयाला पोचला होता. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. शेवटी वहिनीनं मला चोरून फोन केला.

"भावजी, हे आजकाल विहिरीकडचा चढ चढताना मधीच थांबतेत. इचारलं की म्हणतेत, पऱ्हाटी बघायलोय. आता तिथं पऱ्हाटी हाय कुठं? औंदा मका लावलाय!"

दादाला दवाखान्यात आणायचं कसं, हे मला सुचेना. उपायही वहिनीनंच काढला. "तुम्ही आजारी पडा. तुम्हाला बघायला आल्याबिगर राहायचे नायत."

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरीला होतो. रजा टाकली, हृदयाच्या एका डॉक्टरला आधी जाऊन सगळं सांगितलं आणि गावाकडं निरोप धाडला की माझी छाती तपासायची आहे. दुसऱ्याच दिवशी मोसंब्यांसकट दादा दारात हजर. मी नाश्त्याला बसलो होतो. बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "चेहरा जरा पाडा. आजारी माणूस तिसऱ्यांदा पोहे मागत नाही."

डॉक्टरचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हृदयाच्या डॉक्टरनं असं का करावं? पेशंटची पहिली परीक्षा जिन्यातच होऊन जावी, हाच हेतू असणार. मधल्या वळणावर दादा थांबला आणि भिंतीवरची दातांच्या डॉक्टरची जाहिरात मन लावून वाचू लागला. दात त्याचे सगळे शाबूत होते. त्याला सोबत म्हणून मीही वाचली.

आत चालत्या पट्ट्याचं ते यंत्र बघून दादाला हसू आवरेना.

"ह्याच्यावर चालायचे पैसे घेता? आम्ही फर्दापूरहून लेणीपर्यंत फुकट चालत जातो!"

"चालून दाखवा की मग," डॉक्टर गरीब चेहरा करून म्हणाले. "आधी पडून ईसीजीची एक पट्टी काढू, बीपी बघू. धाकट्या भावाला जरा धीर येईल."

धाकट्याला धीर द्यायचा म्हटल्यावर दादा नाही म्हणेना. त्यानं सदरा काढला, बंडी काढली. बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखूची चंची निघाली आणि डॉक्टरांनी ती नुसती बाजूला सरकवली. पण वस्तरा घेऊन माणूस छातीवरचे केस काढायला आला तसा दादा ताडकन उठून बसला. "अय! घरात कोण गेलंय का?" तारा चिकटायला जागा लागते, हे त्याला पटवता पटवता डॉक्टरांचाच घाम निघाला.

मग तो अनवाणी पट्ट्यावर चढला. पहिल्यांदा अगदी ऐटीत, वरातीपुढं चालल्यासारखा. माझ्याकडं बघून मिशीला पीळही दिला. मग पट्टा पुढून उचलला गेला.

"हा चढ कुठून काढला सपाट खोलीत?"

"विहिरीकडचा समजा," डॉक्टर म्हणाले.

दादानं चमकून माझ्याकडं बघितलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं, पण आता उतरणं म्हणजे हार. तो चालत राहिला. हळूहळू त्याचं बोलणं बंद झालं. मिशीही खाली आली. डॉक्टर पडद्याकडं बघत होते. त्यांनी एकदम यंत्र थांबवलं.

"आत्ता कुठं घाम फुटला व्हता!" दादा धापा टाकत म्हणाला. डॉक्टर काही हसले नाहीत. मला त्या क्षणी आबांचा पाण्यासाठी पुढं केलेला हात आठवला.

दादाच्या एका रक्तवाहिनीत चांगलाच अडथळा निघाला. वेळेवर स्प्रिंग बसली. मग सगळा गाव मोसंब्या घेऊन लोटला. दादा पलंगावर पडून प्रत्येकाला पायथ्याशी नीट कसं बसायचं ते शिकवत होता. "चार दिस" असं कुणी म्हणालं की खवळायचा. तंबाखू सुटली. चंची मात्र सुटली नाही, तिच्यात बडीशेप आली. या सगळ्या धांदलीत माझी तपासणी राहूनच गेली. मी तर नावापुरता आजारी होतो, त्यामुळं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्ष उलटलं. एके सकाळी कंपनीत फोन आला. दादाच होता, आवाज खोल गेलेला. "त्याच दवाखान्यात हाय. छातीत कसंतरी व्हायलंय. ये."

जालना रोडनं स्कूटर कशी हाणली मला आठवत नाही. रडत होतो, एवढं आठवतं. जिना धावत चढलो आणि दारात पोचलो तेव्हा चौकट धरून उभा राहिलो.

दादा इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत बसला होता. वर्षाची तपासणी उरकून, ठणठणीत. शेजारी वहिनी पदराआड हसत होती. आणि वस्तरावाला तयारीत उभा होता.

"काढ सदरा," दादा म्हणाला.

मी खूप चिडलो. कंपनीत काम पडलंय, मला काय धाड भरलीय, असं जे सुचेल ते बोललो. पण दर दोन शब्दांनी मला दम खायला थांबावं लागत होतं. दादा ऐकत होता. मग त्याचा आवाज उतरला.

"मागल्या साली जिन्यात तू बी थांबला व्हतास. मला वाटलं, माह्यासाठी थांबला. माह्या ध्यानातून ते जाईना बग. सालभर नीट झोप नाय." त्यानं जरा थांबून चंची उघडली, बंद केली. "आबा काय माह्या एकट्याचे व्हते?"

मी सदऱ्याची बटणं काढायला घेतली. दादानं मोसंब्यांची पिशवी ओढली आणि पट्ट्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसला.