चांगदेवच्या चित्रातला सूर्य

ठाण्याजवळच्या दिव्यात आमच्या मजल्यावर चांगदेव ओव्हाळ भाड्यानं राहायचा. गडी माणदेशातला, माझ्याच तालुक्यातला. शहाडला एका गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांना रंग मारायचा. पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, अस्तर मारायचं, मग रंग. असं काम करायचं की गाडी ठोकली होती हे मालकाच्या बायकोलाही कळू नये.

उरलासुरला रंग डब्यातनं घरी आणायचा आणि प्लायवूडवर चित्रं काढायचा. चित्रं म्हणजे झाड न्हाई, डोंगर न्हाई, देव न्हाई, माणूस न्हाई. निस्ता रंग. लोक नावं ठेवायचे. चांगदेव म्हणायचा, ठेवू द्या, मी कुठं चित्राला एक तरी ठेवलंय.

मी एकदा इचारलं, ह्यात बघायचं काय?

"चिंच खाणाऱ्याचं तोंड काढलं तर लोक तोंड बघत्यात," तो म्हणाला. "मला बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटाय पायजे. चिंच कशाला दावू?"

त्याची खोली हौसाबाईंच्या मालकीची. त्या शेजारच्याच खोलीत राहायच्या, मुलगा ऋतुराज आणि सून रसिका यांच्यासोबत. दोन खोल्यांमधली भिंत अर्ध्या विटेची. त्या भागात शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून ऋतुराज घरी. गॅरेजही बंद, म्हणून चांगदेवही घरी, पुढ्यात प्लायवूड घेऊन बसलेला.

शुक्रवारी दुपारी पलीकडून आधी कडीचा आवाज यायचा. मग काहीच न्हाई. मग पिठाचं पोतं टाकावं तसा आवाज. बाईचं रडणं कधी ऐकू आलं न्हाई, आणि तेच वंगाळ होतं. त्या वक्ताला मजल्यावरच्या टीव्हींचे आवाज चढायचे. हौसाबाई देवळात गेलेल्या असायच्या.

शहरात भीती म्हणतात. आमच्याकडं भ्या. भीती बसून विचार करती, भ्या पायात शिरतं. चांगदेवचा हात तसाच वर राहायचा. रंग ओढायच्या लोखंडी पत्तीवरचा रंग सुकून जायचा. तो सांगायचा, कडी वाजली की माझी मान आपोआप दाराकडं वळती आणि दार लई लांब गेल्यावाणी वाटतं.

तेच त्यानं काढलं. वर उजव्या अंगाला काळा थर. एकावर एक असा चढवला की ते वजन आता खाली येतंय असं वाटावं. त्याला कुठंच काठ ठेवला न्हाई, कारण काठ असला की माणूस म्हणतो, बरं, इथं संपलं. खाली डाव्या कोपऱ्यात कोऱ्या लाकडाची एक बारीक फट. नजर तिकडं पळायची, आणि पोचल्यावर कळायचं की तिथं पाय ठेवायलाबी जागा न्हाई.

थिनरचा वास घरात नको म्हणून त्यानं ते पॅसेजमध्ये वाळत ठेवलं. टँकर आला होता. रसिका हंडा घेऊन वर आली, समोर बघितलं आणि खाली बसली. हंडा जिन्यानं गडगडत गेला. दातखीळ बसलेली. बायकांनी कांदा फोडून नाकाला लावला तेव्हा डोळे उघडले, आणि समद्यात आधी तिनं पदर तोंडावर घेतला.

मजल्यावर करणीची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी चित्राखाली लिंबू ठेवलं. बाया पोरांचे डोळे झाकून पॅसेजमधनं न्यायला लागल्या. मग सोसायटीचा सेक्रेटरी हरिहर आणि हौसाबाई दोघं दारात आले. हौसाबाईंनी सरळ सांगितलं की हे काय आहे ते बोल, न्हाईतर चित्र जाळ आणि खोली मोकळी कर.

चांगदेवची बायको स्वप्ना पाठीमागनं त्याचा शर्ट ओढत होती. आडनाव ऐकल्यावर खोली आत्ताच गेली म्हणणारे लोक तिनं मोप बघितले होते. ही खोली हातची गेली तर परत तीच वणवण.

"सूर्यास्त हाय," चांगदेव म्हणाला. "खाडीवरचा."

झालं. लगेच समद्यांना दिसायला लागलं. हा ढग, ही खाडी, ती फट म्हणजे मावळता उजेड. हरिहर म्हणाला, वा, मला पहिल्यापासनं वाटतच होतं. चित्र खाली गेटजवळ टांगलं. लिंबू कुणीतरी सरबताला नेलं असावं.

पण भ्या काही बिल्डिंगीतनं गेलं न्हाई, निस्ती जागा बदलली. चित्रात सूर्य आहे म्हटल्यावर लोक रसिकाला हसायला लागले. सूर्याला भ्यालेली बाई. पोरं तिला बघून डोळ्यांवर हात घ्यायची. हौसाबाई म्हणाल्या, चित्र निर्मळ निघालं, म्हणजे खोट पोरीत आहे, हिला बाहेरचं लागलंय. शीळफाट्याकडचा एक भगत ठरवला. शुक्रवारी येणार. तो ओल्या फोकानं झोडून काढतो आणि झोडताना दार लावून घेतो, असं ऋतुराजनंच सांगितलं. सांगताना आवाज मऊ होता.

गुरुवारी रसिका पाण्याला आली ती चांगदेवच्या दाराशी थांबली. आत आली न्हाई.

"भाऊ, त्यात सूर्य नाय ना?"

चांगदेव पत्तीवरचा सुकलेला रंग नखानं खरवडायला लागला.

"मग मला वेड लागलंय असं तरी सांगा. दोन्हीतलं एक कायतरी सांगा."

त्यानं हळूच इचारलं, तुला काय दिसलं?

"आमची खोली. कडी लावल्यावरची."

ती गेली. चांगदेव नंतर जेवला न्हाई. स्वप्नाला म्हणाला, मी गाडीचा पोचा बुजवतो तसं त्या पोरीला बुजवलं. खरं बोललो तर खोली जाणार. स्वप्ना उठून माळ्यावरच्या पिशव्या काढायला लागली.

शुक्रवारी भगत आला. पिशवीतनं फोक बाहेर दिसत होता. पॅसेजमध्ये माणूस मावेना. रसिका भिंतीला पाठ लावून उभी, डोळे दाराकडं. तेवढ्यात जिन्यातनं चांगदेव वर आला, गेटवरचं चित्र डोक्यावर घेऊन. हौसाबाईंच्या दाराला ते आडवं लावलं आणि ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"ह्यात सूर्य न्हाई. मी खोटं बोललो. शुक्रवारी कडी लागल्यावर भिंतीतनं जे येतं ते ह्यात हाय. रसिकानं बरोबर बघितलं. तुमी बी बघा."

ऋतुराज पुढं झाला. "काय बोलतोस कळतं का तुला?"

"कळतंय, म्हणून तर पाय लटपटत्यात."

खरंच लटपटत होते. चित्रसुद्धा हलत होतं. ते काळं वजन दारासमोर असं डोलायला लागलं की पुढची माणसं मागच्यांच्या पायावर पडली. हौसाबाईंनी बघितलं. नजर वरनं खाली फटीकडं गेली आणि तिथंच अडकली. देवळात जाताना त्यांच्याही कानावर ती कडी येतच असणार. त्यांनी तोंड फिरवलं.

भगतानं एकदा चित्र बघितलं, एकदा ऋतुराजच्या हाताकडं बघितलं, आणि पिशवी उचलली. म्हणाला, हे आमच्याकडचं काम न्हाई. जिना उतरताना त्यानं मागं वळून बघितलं न्हाई.

"खोली खाली कर," हौसाबाई म्हणाल्या. "आजच."

टेंपो संध्याकाळी आला. सामान थोडकंच. शेवटी चित्र. खाली न्यायला आम्ही चौघं होतो, पण त्याचं तोंड कुणीच आपल्याकडं घेईना. मागनं धरायचे, तर मागचा म्हणायचा माझ्याकडं नको. जिन्यात तीनदा फिरवलं. मी तळाचा कोपरा धरला होता.

टेंपोच्या हौद्यात गाद्यांवर रसिका आधीच बसलेली होती. हातात एक पिशवी. कोपरीत तिचा भाऊ राहतो, तिथं उतरवा म्हणाली. ऋतुराज गेटला टेकून उभा होता. हाक मारली न्हाई, निस्ता बघत होता, आणि ते बघणं हाकेहून वाईट. ड्रायव्हरनं चित्र कसंही तिरकं सारलं. रसिकानं ते ओढून आपल्याकडं तोंड करून गुडघ्यांना टेकवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आता गेटवरनं निस्तं कोरं लाकूड दिसत होतं, तिचा चेहरा न्हाई.

चांगदेव ड्रायव्हरला म्हणाला, चल बाबा लवकर. टेंपो चालू व्हायला वेळ लागला.