किल्ल्यातल्या मातीचं पत्र

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी गुलबर्ग्याहून बिदरला परत आले, त्या उन्हाळ्यात बाबांनी आमच्या औषधांच्या दुकानासाठी एक जुनी लाकडी पेटी लिलावात घेतली. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. पेटीत बाटल्यांसाठी खाचा होत्या आणि तळाच्या कप्प्यात नऊ इंग्रजी पत्रं निघाली. दीडशे वर्षांपूर्वी पलटणीबरोबर इकडं आलेल्या एका सर्जनची ती पेटी. झाडपाला वाळवून, दगड, क्षार, माती पुड्यांत बांधून तो मद्रासच्या एका रसायनशास्त्रज्ञाला पाठवायचा. ही पत्रं म्हणजे मद्रासहून आलेली उत्तरं होती.

गिऱ्हाइकांशी बोलावं लागू नये म्हणून मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. पत्रं वाचायला मला निमित्तच मिळालं. अक्षर बारीक, शाई तपकिरी झालेली. हा माणूस सतत काही ना काही मागायचा. अमक्या डिंकाचा आणखी एक तुकडा पाठवा, तमक्या विहिरीचं पाणी आटवून खाली काय उरतं ते पाठवा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की तुम्ही पाठवलेला क्षार जिभेवर ठेवून पाहिला, सोडा नाही, सोरा आहे. आमच्या प्रयोगशाळेत असं केलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं.

सहाव्या पत्रात बिदरच्या मातीचा उल्लेख होता. आमच्याकडच्या कारागिरांची काळी भांडी, चांदीची वेलबुट्टी बसवलेली, सगळ्यांनी पाहिलेली असतात. जस्त आणि तांब्याची ती वस्तू शेवटी किल्ल्यातल्या मातीनं काळी होते. त्या मातीत नवसागर कालवून चोळतात. माती मात्र किल्ल्यातल्या एका ठरावीक जागचीच लागते, आणि ती जागा कारागीर बाहेरच्याला दाखवत नाहीत.

नवसागर आमच्याच दुकानातून जायचा. त्यासाठी एक म्हातारा कारागीर नेहमी यायचा. सगळे त्याला अप्पा म्हणत. बाबांनी त्याला कौतुकानं सांगितलं की आमची पोरगी सायबाची पत्रं वाचायलीय, त्यात तुमच्या मातीचं लिहिलंय, एका कारागिराचं नावही हाय. अप्पानं ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. ते त्याच्या पणज्याच्या बापाचं होतं.

त्याच्या घराला काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं. ‘माती दिलेलं घर’. त्या पूर्वजानं सायबाला माती दिली, असं बाकीची घरं पिढ्यान् पिढ्या सांगत आली होती. म्हणून माती आणायला सगळी घरं मिळून किल्ल्यात जात तेव्हा अप्पाच्या घरच्यांना बरोबर नेत नसत. त्यांच्या वाट्याची माती डब्यात घालून घरपोच येई. साठी उलटलेल्या अप्पानं ती जागा कधी पाहिलीच नव्हती.

अप्पाला खात्री होती की कागदात खरं काय ते निघेल. त्यामुळं वाचायच्या दिवशी तो सगळ्यांत मानाच्या घरच्या अण्णाला स्वतःच घेऊन आला. अण्णा त्याच्याहून वयानं लहान, पण माती काढायला पुढं तोच असायचा. दोघं दुकानाच्या बाकावर बसले. मी उभी राहून वाचलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. ‘तुम्ही लिहिता की तो कारागीर स्वतःच्या हातानं टोपलीभर माती घेऊन तुमच्याकडं आला, जी जागा ते कुणाला दाखवत नाहीत तिथली. पुडीवरची लाखेची मोहोर शाबूत पोचली. आपला आभारी आहे.’

“संपलं का?” अण्णानं विचारलं.

“संपलं,” मी म्हटलं.

अण्णा टोचून काही बोलला नाही. डबा घरी येतोय त्यात समाधान मान, एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.  मग अप्पाही उठला. बाबांनी बांधून ठेवलेली नवसागराची पुडी बाकावरच राहिली. पुढं कितीतरी दिवस तो आला नाही, आणि पुडी काउंटरखाली तशीच पडून होती. तिच्याकडं बघायचं मी टाळायचे.

एका सकाळी मी ते पत्र वहीत उतरवून घ्यायला बसले. पानावर ओळींना छेदत जाणाऱ्या फिकट उभ्या खुणा होत्या. पाठच्या बाजूची शाई इकडं उमटली असेल असं मी पहिल्यापासून धरून चालले होते. नक्कल करताना नीट दिसावं म्हणून मी कागद दारातल्या उजेडात धरला, उलटा केला. पाठीमागं पत्ता आणि लाखेचा डाग सोडला तर काहीच नव्हतं. पाठ कोरी, मग शाई आली कुठून?

मी कागद आडवा फिरवला. त्या खुणा म्हणजे अक्षरं होती. लिहिलेल्या पानावरच त्या माणसानं कागद फिरवून पुन्हा लिहिलं होतं. टपाल महाग, एकाच कागदावर भागवायचं म्हणून.

सगळं लावायला मला दुपार झाली.  ‘वरचं लिहून झाल्यावर मी तुमची माती तीनदा वापरून पाहिली. तुम्ही पाठवलेला धातूचा तुकडा काळा होत नाही. ही कुठल्याही बागेतली माती आहे. तुमच्या माणसानं तुम्हाला फसवलं आहे.’

मी बाबांना सांगितलं.  ते म्हणाले, “एकदा वाचलंस अन् एका माणसाची मान खाली गेली. आता दुसरं वाचलंस तर म्हणतील, गिऱ्हाइकाला लागंल तसं वाचतीय ही पोरगी.” ते खरंच होतं. तरी मी जायचं म्हटलं. ‘संपलं’ हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता. अप्पाकडं आधी जायची हिंमत मला झाली नाही. बाबा आणि मी अण्णाच्या कारखान्यावर गेलो.

तो कानस चालवत होता. माझं ऐकून घेईपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

“मागच्या बारीला एक वाचलीस, आज दुसरंच म्हणायलीस. पुढच्या बारीला काय वाचणार हैस?”

तुमच्या ओळखीच्या कुणालाही बोलवा, मी म्हटलं. मला वाटतं त्याच्याशी न अडखळता मी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यानं गल्लीतल्या पेन्शनर पोस्टमास्तरांना निरोप धाडला आणि अप्पालाही बोलावून घेतलं. मला सांगितलं की दारापाशी उभी राहा अन् मधी बोलू नको.

पोस्टमास्तरांनी भिंग काढलं. कागद मी पहिल्यांदा धरला होता तसाच त्यांनी धरला आणि ते सावकाश वाचायला लागले. टोपलीभर माती. स्वतःच्या हातानं. मोहोर शाबूत. आभारी आहे. अगदी माझेच शब्द. अप्पानं माझ्याकडं पाहिलं. अण्णा कानस ठेवून उठायला लागला.

मला बोलायची बंदी होती. 

“कागद फिरवा,” मी म्हटलं. “आडव्या अंगानं धरा.”

“बोलू नको म्हटलं न्हवं?” अण्णा म्हणाला. पण पोस्टमास्तरांनी तोवर कागद फिरवला होता. त्यांचे ओठ हलायला लागले. दोन शब्दांवर अडले, मागं गेले, पुन्हा पुढं आले. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, “तीनदा लावली म्हनतोय. काळं झालं न्हाई. बागंतली माती हाय म्हनतोय. तुमच्या मानसानं तुमाला बनवलं, असं लिवलंय.”

अप्पानं डोळे मिटले. पण अण्णा माझ्याकडं वळला.

“तू तर ह्येच शिकून आलीस. मला सांग, माती खोटी व्हती, का त्या मद्रासवाल्याला करायलाच आलं न्हाई?”

हा प्रश्न मलाही त्या दुपारीच पडला होता, आणि तो कुणी विचारू नये असं वाटत होतं. तीन वेळा फसलेल्या प्रयोगात माती चुकीची असू शकते, तसं नवसागराचं प्रमाणही चुकीचं असू शकतं. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता. मातीच खोटी होती, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं.

“मला माहीत न्हाई,” मी म्हटलं. “ह्या कागदावरनं एवढंच कळतंय की काळं झालं न्हाई.”

बाबांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. अप्पाची मान पुन्हा खाली गेली. अण्णा मात्र उठला नाही. त्यानं समोरची अर्धवट सुरई उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला.  पोस्टमास्तर चष्मा पुसत राहिले.

“आमच्या घरात पोरीबी माती लावत्यात,” अण्णा शेवटी म्हणाला, कुणाकडंच न बघता. “नवसागर कमी पडू दे, जास्त पडू दे. रंग थोडा फिका पडंल, पर काळं व्हतंच. माती खरी असली की व्हतंच.” मग थांबून, जरा रागानंच, “त्येनं बागंतलीच दिली असनार.”

  पत्र पोस्टमास्तरांच्या मांडीवर होतं, ते मागायचं राहून गेलं.

“पाच-सा पिढ्या,” अप्पा म्हणाला. एवढंच.

अण्णानं सुरई खाली ठेवली. “सोमवारी सकाळी जायचंय,” तो म्हणाला. “तुमच्या लेकाला धाडा. जागा दावतो.”

अप्पा भिंतीला हात लावून उठला. धोतर झटकलं.

“लेक मागनं येईल,” तो म्हणाला. “आधी मी येतो. मीच अजून बघितली न्हाई.”