गावस सरांचा दगडांचा तास

सावंतवाडीहून मी पेडण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, त्या सकाळी नववीच्या वर्गात सगळी पोरं दगड घेऊन उभी होती. हात वर, डोळ्यांत पाणी. समोर इंग्रजीचे गावस सर, हातात निर्गुडीचा फोक. मी दारातच थिजले. "भिऊ नकात बाई," सर म्हणाले, "एक क्रियापद चालू आसा."

क्रियापद होतं 'पुट डाऊन'. त्याचा एक अर्थ वाक्यात वापरून दाखवला की सर "पुट डाऊन!" म्हणून गरजत आणि त्या पोराने दगड खाली ठेवायचा. खाली ठेवणं, लिहून घेणं, चारचौघांत हिणवणं, बंड मोडून काढणं, आजारी जनावर मारून टाकणं. हुशार पोरं लगेच सुटत, ढ पोरं तासभर दगड पेलत आणि वर पोटरीवर फोक खात. "इंग्रजी क्रियापद म्हणजे सरडो," सर म्हणत. "शेजाराक कोण बसता, तसो रंग बदलता." हा राक्षसी तास मला मुळीच आवडला नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "हात दुखलो की शब्द डोक्यात रिगता, बाई," एवढंच उत्तर मिळालं.

शिक्षकांच्या खोलीतही त्यांचा पारा चढलेलाच. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटला तेव्हा गावस मराठीचे कट्टर आणि रायकर सर कोकणीचे. एकदा तर गावसांनी रायकरांची गचांडी धरली. शिपायाने मध्ये पडून सोडवलं.

मग एका दुपारी म्हापशाच्या रस्त्यावर बस जळली आणि मराठीवाल्यांचा घोळका शाळेच्या फाटकाशी आला. हातांत दगड, तोंडी रायकरांचं नाव. काचा फुटू लागल्या. रायकर प्रयोगशाळेत माझ्या मागे उभे होते. गावस एकटेच पायऱ्या उतरले.

"सर, तुम्ही बाजूक सरा! आमका तो व्हयो!"

"तो माजो दुस्मान," सर कडाडले, "तुमचो न्हय!"

कुणीतरी फाटक उखडलं. तेव्हा सर वर्गातल्या त्याच आवाजात ओरडले, "पुट डाऊन!"

घोळक्यातले बरेचसे त्यांचेच जुने विद्यार्थी होते. मी खिडकीतून बघत होते. डोक्याने विचार करायच्या आत हातांनीच ऐकलं. एकेक हात खाली आला. वर्गात ज्यांनी रडत रडत दगड पेलले होते, ते तर वाकून जमिनीवर ठेवत होते. एक दगड मात्र आलाच. सरांनी डोक्यावर हात धरला आणि मनगटाचा चुरा झाला. रक्त बघून घोळका पांगला.

जूनमध्ये सर परत आले ते पांगळा हात घेऊन. खडू धरवत नव्हता, म्हणून फळ्यावर लिहायला रायकर जाऊ लागले. व्हरांड्यातून दोघं भाषेवरून कचाकचा भांडत यायचे आणि वर्गाच्या दारात गप्प व्हायचे. 'पुट डाऊन'च्या दिवशी पोरं रिवाजाप्रमाणे दगड घेऊन आली. सरांनी ते मैदानात टाकून यायला लावले. फोक तर पुन्हा दिसलाच नाही. मला त्या दिवशी सरांचं फार वाईट वाटलं.

दगड कोणी मारला, हे त्यांनी पोलिसांनाही सांगितलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "सर, तुम्ही त्याला पाहिलंत ना?"

"पळयलो. माजोच विद्यार्थी." त्यांनी पांगळा हात मांडीवर ओढून घेतला. "वर्गात पयलो येतालो, बाई. पाचय अर्थ ताका पाठ आशिल्ले."