घोडी बुडाली, माफी मिळाली

हेल्वी निस्कालाची घोडी एप्रिलातल्या एका शुक्रवारी नदीत बुडाली, आणि रविवारच्या कॉफीआधी देवाने ती गोष्ट माफही करून टाकली. त्याआधी हेल्वीला एकदा विचारावं, असं देवालाही वाटलं नाही आणि प्रार्थनाघरातल्या कुणालाही नाही.

घोडीचं नाव लीनू. पिवळसर आयाळीची, अंगाने बेताची, पण कामाला कधी नाही म्हणायची नाही. हेल्वीचा नवरा युद्धावरून परतलाच नव्हता. तेव्हापासून नांगर, गवत, जंगलातलं सरपण, दुधाचे कॅन, सगळं त्या दोघींनी मिळून ओढलेलं. नदीपलीकडे यालमारी पेर्तुलाची शेती होती. यालमारी म्हणजे उपदेशक एल्यासचा धाकटा भाऊ, स्तोत्रं म्हणताना सगळ्यांच्या वर आवाज लावणारा. त्या शुक्रवारी त्याचा घोडा पोकू लंगडत होता आणि कापलेली लाकडं अलीकडे, हेल्वीच्या काठावर पडून होती. हेल्वी बहिणीकडे गेलेली. यालमारीने तिच्या तबेल्यातून लीनूला सोडली, घसरगाडीला जुंपली, लाकडं लादली आणि पूल लांब पडतो म्हणून नदीच्या बर्फावर घातली. हिवाळ्यात तिथून वाट असायची; तिच्या खुणेला रोवलेल्या फांद्या गावाने केव्हाच उपटून टाकल्या होत्या. बर्फ कुजलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. यालमारी उडी मारून वाचला. लाकडं, गाडी, घोडी खाली गेली.

रविवारी तो प्रार्थनाघरात उभा राहिला आणि रडला. रडायचा चांगला. "माझ्या हातून चूक झाली. मला माफीवर विश्वास ठेवता येईल का?" त्याने विचारलं. माणसं एकेक करून उठली, त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझं पाप माफ झालंय, विश्वास ठेव." झालं. त्या घराचा नियमच होता की असं माफ झालेलं पाप कृपेच्या सागरात बुडतं, आणि पुन्हा त्याचं नाव काढील तो स्वतःच पापी ठरतो.

हेल्वी तिसऱ्या बाकावर बसून हे बघत होती. कॉफीच्या वेळी ती कप घेऊन यालमारीपाशी गेली.

"माझ्याकडे कधी येतोस?"

"कशाला?"

"घोडीचं बोलायला."

यालमारीचे डोळे अजून ओले होते. तो मऊ हसला. "हेल्वी बहिणी, ते आता कृपेच्या सागरात बुडालंय. तिथे गळ टाकायचा नसतो."

"घोडी पण बुडालीये. तिच्यासाठी तरी टाक."

या एका वाक्यावरून एल्यास दोन वडीलधाऱ्यांना घेऊन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. काळा पाव खाल्ला, खारवलेला मासा खाल्ला, मग हात पुसून म्हणाला, "देवाचा न्याय क्रूसावर पुरा झाला, बहिणी. आपल्या सगळ्यांची शिक्षा एकाने भोगली. आता उरलीये ती फक्त दया."

"दया यालमारीला उरलीये," हेल्वी म्हणाली. "त्याचा पोकू लंगडत होता, तो पण बरा झाला. मला काय उरलंय ते तबेल्यात जाऊन बघा."

"देवाने ज्याला सोडलं त्याला धरून ठेवणारी तू कोण?"

"घोडीची मालकीण. देवाची घोडी असती तर मी एक शब्द बोलले नसते."

एल्यासला हसता आलं नाही. हसायची त्याला सवयच नव्हती. पुढच्या बैठकीत ठरलं की हेल्वीच्या मनात कडू मूळ रुजलंय आणि तिच्यात क्षमेचा आत्मा नाही. घोडी घालवणारा पुढच्या बाकावर, घोडी गेलेली बाहेर. लोक एकमेकांना 'देवाची शांती' म्हणायचे, ते तिला म्हणेनासे झाले. दुकानात भेटलं तर नुसतं 'काय, बरं?' एवढंच, परक्याला म्हणावं तसं. तिची लहानपणची मैत्रीण साइमी तर समोरून हेल्वी दिसली की खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. हेल्वीला त्या नाडीची कीव यायची.

त्या उन्हाळ्यात तिने बटाट्याच्या शेताचा तुकडा कुदळीने खणला. हिवाळ्यात सरपण पाठीवर आणलं. संध्याकाळी गाईंची धार काढताना ती त्यांना प्रार्थनाघरातल्या बातम्या सांगायची, एल्यासचा आवाज काढून. गाईंना आवडत असावं.

वसंत आला, जमीन मोकळी झाली. गुरुवारी भरदुपारी हेल्वी पूल ओलांडून पेर्तुलाच्या कुरणात गेली. सगळं घर प्रार्थनेला गेलं होतं. तिने पोकूच्या तोंडात लगाम घातला आणि गावातून, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून, त्याला आपल्या घरी आणला. शनिवारपर्यंत शेत नांगरून झालं. यालमारीचा गडी विचारायला आला, त्याला म्हणाली, "मालकाला सांग, प्रार्थनाघरात बोलू."

रविवारी ती काळा रुमाल बांधून गेली आणि उपदेश संपताच उभी राहिली.

"माझ्या मनावर ओझं आहे. एका भावाचा घोडा मी न विचारता नेला. मला माफीवर विश्वास ठेवता येईल का?"

एल्यासचा चेहरा मासा घशात अडकल्यासारखा झाला. त्याच्या इतक्या वर्षांत, माफी मागितली आणि मिळाली नाही, असं एकदाही घडलेलं नव्हतं.

पहिली उठली साइमी. तिने हेल्वीच्या गळ्यात हात टाकले आणि ते शब्द म्हटले. हेल्वी आली होती ती यांची जिरवायला. रडण्याचं सोंगही तिने घरी करून बघितलं होतं. पण वर्षभरात गाईंखेरीज कुणी तिला शिवलं नव्हतं. साइमीच्या शालीला कॉफीचा आणि गोठ्याचा वास होता. हेल्वीला खरंच रडू फुटलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. मग बाकीचे आले. शेवटी एल्यासही आला आणि दात न उघडता म्हणाला, "माफ झालंय, विश्वास ठेव."

"आणि घोडा?" यालमारीने बसल्या जागेवरून विचारलं.

हेल्वीने नाक पुसलं. "कुठला घोडा, भाऊ?"

"माझा पोकू. तुझ्या तबेल्यात आहे तो."

"ते कृपेच्या सागरात बुडालं. आत्ताच. तू इथेच होतास की."

मागच्या बाकावर कुणाला तरी खोकला आला. यालमारी उभा राहिला. "माफी आपल्या जागी आहे," तो म्हणाला, "पण नेलेलं परत करायला नको? ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जायला नको? त्याशिवाय कसला पश्चात्ताप?"

बोलला छान. आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. मग तो खाली बसू लागला, आणि बसता बसता आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं. एल्यासने घाईघाईने स्तोत्र सुरू केलं, तेही सगळ्यात लांब. त्या दिवशी यालमारीचा आवाज त्यात ऐकू आला नाही.

पोकू हेल्वीकडेच राहिला. यालमारी पोलिसाकडे जाऊ शकत होता, पण तिथे सगळंच सांगावं लागलं असतं. तो मेव्हण्याचा म्हातारा घोडा आणून नांगरत राहिला, आणि गाव पुलावर उभं राहून बघत राहिलं. मग एका दुपारी हेल्वी तबेल्यात शेण ओढत असताना तो दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. आधी पावसाचं बोलला. मग पोकूच्या खुराचं बोलला. हेल्वीचं फावडं चालूच होतं.

"लीनू जायला तयार नव्हती," तो म्हणाला.

हेल्वीचं फावडं थांबलं.

"काठाशी उभी राहिली. कान मागे टाकून. मी ओरडलो तरी हलेना. मग मारलं. फांदीने. तेव्हा गेली."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभर तिने ऐकलं होतं ते एवढंच, की बर्फ फुटलं.

"म्हणजे तिला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो. मलाही कळलं होतं. पण लाकडं पलीकडे न्यायची होती."

"हे प्रार्थनाघरात सांगितलंस?"

"तिथे एवढं कुणी विचारत नाही. चूक झाली म्हटलं की भागतं."

"स्वस्तात भागतं रे तुमचं," हेल्वी म्हणाली. मग ती लीनूच्या रिकाम्या ठाणाकडे वळली. "आता मी माफ करावं म्हणून आलायस?"

"माहीत नाही," यालमारी म्हणाला. "हे सांगायला आलो."

तो खरं बोलतोय हे तिला दिसलं, आणि ते बघायची तिला सवय नव्हती. तिने पोकूचा लगाम खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. "ने. माझं नांगरून झालंय. बटाटे काढायच्या वेळी परत आण, आणि तूही ये. घोड्याला एकट्याला पाठवू नकोस."

तो आला. पुढल्या वर्षीही आला, आणि मग दर वर्षी येतच राहिला. दोघं फारसं बोलायचे नाहीत. प्रार्थनाघरात लोक हेल्वीला पुन्हा 'देवाची शांती' म्हणू लागले. ती उत्तर द्यायची, पण कोण किती महिने गप्प होतं ते विसरली नव्हती. साइमीने एकदा धीर करून विचारलं, "मग यालमारीला माफ केलंस की नाही?"

"देव घाऊकात करतो," हेल्वी म्हणाली. "मला किरकोळीतच जमतं. एखाद्या दिवशी तेही नाही."

यालमारी तिच्या आधी गेला. अंत्यविधीला एल्यास कृपेवर दोन तास बोलला. हेल्वी शेवटपर्यंत बसली, घरच्यांशी हात मिळवले, आणि बाहेर आल्यावर साइमीला म्हणाली की कॉफी पाणचट होती.