शेवग्यावरून ऐकलेल्या ड्रायव्हरच्या मुलाखती

इंजिनशेडच्या मागे राखेचा ढीग आहे, तो कोणी रचलेला नाही. रोज कोणीतरी एक घमेलं ओतून जातं आणि एक दिवस मान वर करून बघावं तर टेकडी! किश्शांचंही तसंच. मी जमवायला बसलो नव्हतो. माझी लाकडाची वखार कल्याणात रेल्वेच्या हापिसाच्या भिंतीला लागून, आणि माझा शेवगा त्या भिंतीवरून नेमका बड्या साहेबाच्या खिडकीत वाकलेला. आता यात माझा काय दोष?

बडा साहेब म्हणजे इंजिनांचा मुख्य. फायरमनचा ड्रायव्हर करायचा की नाही, हे त्याच्या खोलीत ठरायचं. उमेदवार बोलावणं येईपर्यंत माझ्या ओट्यावर बसत. मी गूळपाणी देई आणि बदल्यात सगळं विचारून घेई. शिवाय ज्या दिवशी मुलाखती, त्या दिवशी मला शेवग्याच्या शेंगांची फार निकड लागे. त्या वर्षांत शेंगा इतक्या वेळा काढल्या, की आमची ही एकदा म्हणाली, "अहो, झाडाला पानं तरी ठेवा!"

साहेब बोलायचा मोडकं हिंदुस्थानी. मी आपलं मराठीत सांगतो.

आधी एक कायदा सांगून ठेवतो, कारण धर्मा पाटलाचं सगळं त्यावरच अडलं होतं. मुलाखतीला तीनदाच उभं राहता येई. तिसऱ्यांदा नापास झाला, की नाव कायमचं खोडलं! मग केस पिकेपर्यंत फावडं आणि कोळसा. हा धर्मा खाडीकाठच्या बाळकुमचा, मिठागरवाल्याचा मुलगा, अकरा वर्षं फायरमन. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे ड्रायव्हर होऊन गेले, तो मात्र अजून कोळसाच टाकत होता.

*

पहिली अडचण पायांची. कायदा असा, की देशी जोडा असेल तर दाराबाहेर काढायचा आणि अनवाणी आत जायचं. विलायती बूट असेल तर घालून आत. अनवाणी उभ्या माणसाला साहेब बसूनसुद्धा उंच दिसतो, म्हणून सगळ्यांना बूट हवा! आणि अख्ख्या कल्याणात बूट एकच. एका म्हाताऱ्या गार्डानं विलायतेला परत जाताना मला देऊन टाकलेला.

तो माझ्या ओट्यावर असे. एक उमेदवार बाहेर आला, की दुसरा त्यात पाय घाले. कोणाला घट्ट, कोणाला आत चिंध्या कोंबाव्या लागत.

एका सकाळी डोंबिवलीचा गणपत आत गेला. साहेबानं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. खाली बघून म्हणाला, "हा बूट आज चौथ्यांदा आत आलाय. मी या बुटालाच ड्रायव्हर करू का?"

गणपत म्हणाला, "करा साहेब! कोळसा आम्ही टाकू. आत्तापर्यंत तेच करतोय!"

*

मग डोळे. डाक्टर टेबलावर लोकरीच्या रंगीत लडी पसरून ठेवी आणि सांगे, "लाल तेवढ्या काढ." रंग चुकला की माणूस तिथूनच घरी.

आंबिवलीकडचा विठू याला उभा राहिला. त्याच्या घरी साड्या रंगवायचा धंदा. तो एकेक लड उचलून बाजूला ठेवू लागला. "ही डाळिंबी. ही शेंदरी. ही कुंकवाची. ही जास्वंदी. ही जरा विटकी गुलाबी..."

डाक्टर वैतागला. "अरे, लाल म्हणजे लाल! एवढी नावं कशाला?"

"साहेब, तुमचा लाल एक, आमचे नऊ. सिग्नलचा यातला कुठला?"

"अर्थात हा, भडक!"

विठूनं मान हलवली. "मग कल्याणच्या बाहेरचा सिग्नल नाही हो तुमचा. तो उन्हानं विटकरी झालाय. लांबून झाडाच्या खोडासारखा दिसतो. म्हणून विचारलं!"

विठू पास झाला. आठ दिवसांत रंगारी शिडी घेऊन सिग्नलवर चढला.

*

धर्माची पहिली मुलाखत मी पुरती ऐकली. तोवर शेवग्याला फुलंसुद्धा नव्हती, पण मी चढलो.

साहेबानं कायद्याचं इंग्रजी पुस्तक पुढे सरकवलं. "वाच."

धर्माला मराठीच जेमतेम, इंग्रजी कुठून येणार? त्यानं पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि अदबीनं बंद करून परत ठेवलं.

"वाचता येत नाही, तर इंजिन कसं चालवणार?"

"साहेब, ज्यांनी हे वाचलंय त्यांच्या बाजूला मी अकरा वर्षं उभा हाय. वाचणारे घोरतात, तवा चालवतं कोन?"

नापास! बाहेर येऊन ओट्यावर बसला आणि बूट काढून नीट जोडून ठेवला. मी म्हटलं, "अरे, जरा गोड बोलायचंस!"

"बाबूकाका," तो म्हणाला, "मला गोड नाय जमत. घरात सगला मिठाचा धंदा."

*

'रुळावर म्हैस आली तर काय करशील?' हा प्रश्न सगळ्यांना ठरलेला. पुस्तकातलं उत्तर सगळ्यांना पाठ: शिट्टी, मग वाफ बंद, मग ब्रेक.

टिटवाळ्याकडचा एक लखू होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आधी म्हैस कुठली ते बघीन."

"म्हणजे?"

"आंबिवलीची असेल तर एका शिट्टीत पळेल. कल्याणची असेल तर मला खाली उतरून शेपूट पिळावं लागेल. कल्याणची म्हैस शिट्ट्या ऐकतच मोठी झालीय, साहेब!"

मला हसू आवरेना. फांदी हलली, चार शेंगा थेट साहेबाच्या खिडकीत पडल्या. आतून आवाज आला, "बाबू, झाल्या का शेंगा काढून? मग पुढचा प्रश्न विचारू?"

मी काय बोलणार! म्हटलं, "विचारा, साहेब."

*

एकदा लाटसाहेबाची खास गाडी जायची होती. अशा गाडीच्या पुढे एक एकटं इंजिन धावतं, त्याला पायलट इंजिन म्हणतात. त्यासाठी माणूस निवडायला मुलाखत घेतली. उभा होता मारुती शंटर, म्हणजे यार्डात डबे ढकलून जोडणारा. पावसाचे दिवस, काळू नदीचा पूल पुढे.

साहेबानं विचारलं, "पायलट इंजिन पुढे का पाठवतात?"

मारुती म्हणाला, "पूल खचलेला असेल तर ते कळावं म्हणून."

"बरोबर! कळणार कसं?"

"मी परत आलो नाही, की कळेल!"

मारुती दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "जाईन साहेब. पण परत आलो, तर मला पुन्हा शंटर म्हणायचं नाही!"

परत आला. आणि त्याला कोणी पुन्हा शंटर म्हटलं नाही.

*

आता धर्माची दुसरी मुलाखत.

मधल्या काळात एक अपघात झाला होता. धर्माच्या इंजिनाचं सिलिंडर तडकलं. माणूस मेला नाही, पण गाडी चार तास उभी. धर्माचं म्हणणं, खाडीकडच्या स्टेशनावर इंजिनात जे विहिरीचं पाणी भरतात, ते खारट आहे. खारं पाणी बॉयलरात दुधासारखं उतू जातं. तो फेस वाफेबरोबर सिलिंडरात घुसतो आणि फोडतो. त्यानं ते पाणी चाखून ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं. कंपनीचं म्हणणं मात्र वेगळं. विहीर गोड आहे. पाण्याच्या इन्स्पेक्टरनं तपासून तसं लिहून दिलंय, खाली बड्या साहेबाची सही आहे. म्हणजे चूक फायरमनची! त्यानंच पाणी जास्त भरलं.

साहेब म्हणाला, "पाटील, चूक कबूल कर. मी तुला आत्ता पास करतो."

बघा मंडळी, किती सोपं! मी फांदीवर बसून मनात म्हणत होतो, कर रे बाबा, कबूल कर! तुझ्या पोरी लग्नाला आल्यात!

धर्मा म्हणाला, "विहीर खारी हाय."

"इन्स्पेक्टरनं पाणी तपासलंय!"

"कवा तपासलं? अष्टमीला. अष्टमीला भांगाची भरती, खाडी अर्ध्यावरच राहते, तवा विहीर गोडच लागनार. अमावास्येला उधान येतं, खाडी जमिनीखालून विहिरीत शिरते. बाळकुमातली बाईमानूससुद्धा सांगेल!"

साहेब उठून उभा राहिला. "कंपनीचं मीठ खातोस आणि कंपनीवर उलटतोस?"

"मीठ आमी पिकवतो साहेब," धर्मा म्हणाला. "खाता तुमी."

नापास!

ओट्यावर आला तेव्हा आमची ही बाहेर आली होती. तिनं त्याच्यासमोर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "धर्माभावजी, एक शब्द खोटा बोलला असतात तर काय आभाळ पडलं असतं?"

"वैनी, मी खोटं बोललो तर इंजिन तेच पानी पिनार," तो म्हणाला. "पुढच्या वक्ताला सिलिंडर नाय, बॉयलर फुटेल. मागं डब्यात बसलेल्यांना कोन सांगनार, धर्मा पास झालाय म्हनून?"

*

तिसरी मुलाखत. हेडक्लार्कनं माझ्यासमोर विचारलं, "पाटील, तारीख कुठली देऊ? दशमी चांगली आहे."

"अमावास्या द्या."

हेडक्लार्कच्या हातातला टाक तसाच राहिला. अमावास्येला कोणी नवं धोतरसुद्धा नेसत नाही, आणि हा जन्माची मुलाखत मागतोय! आमच्या हिनं तर कपाळावर हात मारला. "शेवटची संधी आहे हो! कोणीतरी समजवा याला!"

मी समजवायला गेलो. धर्मा म्हणाला, "काका, त्या दिवशी शेंगा काढायला या."

अमावास्येला उमेदवार म्हणून तो एकटाच. मी बूट पुसून ठेवला होता. त्यानं बघितला आणि म्हणाला, "आज नको." अनवाणीच गेला. डोक्यावर तांब्याची कळशी, तोंडावर फडकं बांधलेलं, गाठीवर त्या स्टेशनच्या मास्तरची लाखेची मोहोर. सकाळच्या गाडीनं जाऊन स्वतः भरून आणलेली.

आत साहेब होता, आणि बाजूला पाण्याचा इन्स्पेक्टर, अमावास्येचं कळल्यावर साहेबानं मुद्दाम बोलावलेला. धर्मानं कळशी टेबलावर ठेवली.

"ही तुमची गोड विहीर. पिऊन बघा."

इन्स्पेक्टर मागे सरकला. "मी विहिरीचं पाणी पीत नाही. मी सोडा पितो."

"इंजिनाला सोडा मिलत नाय, साहेब."

साहेबानं मोहोर निरखून बघितली, स्वतःच फोडली आणि बटलरला हाक मारली. "या पाण्याचा चहा कर. दोन कप."

चहा येईपर्यंत मी फांदीवर श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. खाली भिंतीशी आमची ही उभी, पदर तोंडात धरून. "काय चाललंय? अहो, काय चाललंय?"

"चहा," मी म्हटलं.

"कळशीतल्या पाण्याचा?"

"हो."

तिनं हात जोडले.

साहेबानं एक घोट घेतला. मिशी थांबली. कप अलगद खाली ठेवला आणि इन्स्पेक्टरकडे बघितलं. "कसा आहे चहा?"

इन्स्पेक्टरनं घोट घेतला. तोंड वाकडं व्हायला लागलं होतं, ते त्यानं सरळ केलं. कागदावर 'गोड' लिहून खाली सही केलेली, आता खारट कसं म्हणणार? "उत्तम आहे," तो म्हणाला.

"मग संपवा."

त्यानं संपवला. बटलरनं कप पुन्हा भरला.

साहेब धर्माकडे वळला. "पाटील, शेवटचा प्रश्न. तू ड्रायव्हर आहेस. इंजिनात हे पाणी भरलंय. काय करशील?"

"गाडी हलवनार नाय."

"कंपनीचा हुकूम असला तरी?"

"हुकूम गाडीत बसत नाय, साहेब. मानसं बसतात."

साहेबानं धर्माच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून स्वतः उभा राहिला. उभ्यानंच ड्रायव्हरच्या कागदावर सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

मग दाराकडे बघून बटलरला म्हणाला, "इन्स्पेक्टरसाहेबांना अजून एक कप."