यंदा बाई पुढे उतरल्या

तळ्याकाठच्या आमच्या गावात बसमधून उतरलेला माणूस आधी बॅग खाली ठेवतो, मग कंबर सरळ करतो आणि समोर दिसेल त्याला विचारतो, "राहायला बरं कुठं?" या प्रश्नावर निम्म्या गावाचं पोट आहे. रिक्षावाला आपल्या मेहुण्याच्या लॉजचं नाव सांगतो, चहावाला आपल्या भाडेकरूच्या. आणि धाकटी तर त्या वेळेला हातात भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चाललेली असायची. पिशवीत भाजी असायचीच असं नाही.

धाकटी म्हणजे दोन भावांतल्या धाकट्याची बायको. लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरात, गल्लीत, दुकानात तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिची मोठी जाऊ ती थोरली. दोघींची दोन लॉज, एकमेकांना पाठ लावून उभी. थोरलीचं तळ्याच्या रस्त्यावर, तोंड पाण्याकडं. धाकटीचं मागच्या गल्लीत, तोंड शिंप्याच्या दुकानाकडं. गावात कुणी खऱ्या पाट्या वाचत नाही. एक पुढचं, एक मागचं, एवढंच.

यातली खरी ठसठस वेगळीच होती. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी आधी धाकट्या मुलाला विचारलं होतं, "तू लहान, तू पहिल्यांदा बोल." तेव्हा तळ्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. काठावर चिखल, डास आणि एक फुटकी होडी. पुढची इमारत जुनाट, छत गळकं. मागची नवी, भिंती ठणठणीत. नवऱ्यानं घरी येऊन बायकोला विचारलं आणि तीच म्हणाली, "मागची घ्या. ते गळकं घर कोण निस्तरत बसणार?"

मग काठावर फरशी आली, दिवे आले, होड्यांना रंग आला. येणारा जाणारा विचारू लागला, "खोलीतून पाणी दिसतं का?" धाकटीच्या खोल्यांतून दिसायचा शिंपी. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर निदान त्याच्या नावानं खडे तरी फोडता आले असते. इथं निवड आपलीच. त्यामुळं सगळा राग साठून साठून जायचा तो थोरलीच्या वाट्याला.

थोरलीनं बाल्कनीला निळा कठडा लावला, धाकटीचं डोकं दुखलं. थोरलीकडं परगावची मोठी गाडी थांबली, धाकटीचं जेवण गेलं. चादरी वाळत घालायला ती गच्चीवर जायची तेव्हा हात दोरीवर आणि डोळे पुढच्या अंगणात.

"अहो, आणखी चार बॅगा गेल्या पुढं," खाली येऊन ती नवऱ्याला सांगायची.

नवरा कुठल्या तरी खोलीतला गळका नळ उघडून बसलेला असायचा. "जाऊ दे की. आपल्या खोल्याही रिकाम्या नाहीत."

"भरल्यात, पण कुणी? ज्यांना पुढं जागा मिळाली नाही ते आपल्याकडं येतात."

"झोपल्यावर सगळ्यांना सारखंच दिसतं," तो म्हणायचा आणि पाना मागायचा. तिचा आणखी तिळपापड व्हायचा.

एकच पाहुणी अशी होती की ती पहिल्यापासून धाकटीची. निवृत्त चित्रकलेच्या शिक्षिका. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. थंडी सरता सरता यायच्या, चांगले दोन-तीन आठवडे राहायच्या. सकाळी घडीचं स्टूल घेऊन काठावर चित्रं काढायच्या, दुपारी परत. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांचीच. पुढच्या लॉजकडं त्यांनी कधी मान वळवली नव्हती, आणि धाकटीला वर्षभर पुरेल एवढं बळ तेवढ्यावर मिळायचं. दुपारी ती बाईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि मन मोकळं करायची. बाई पुष्कळदा डोळे मिटून ऐकायच्या.

त्या वर्षी तिनं खोलीला रंग दिला, टेबल खिडकीपाशी ओढलं, जाड गादी घातली. बाईंच्या नेहमीच्या बसला जाऊन उभी राहिली. बाई आल्या नाहीत. पुढच्या बसलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होती. सहज खाली बघितलं, तर थोरलीच्या अंगणात घडीचं स्टूल. स्टुलावर बाई. हातात कप. समोर थोरली, मान मागं टाकून हसतेय.

धाकटीनं हातातला अभ्रा दोरीवर टाकला, काढला, पुन्हा पिळला आणि पुन्हा टाकला. तो आधीच कोरडा होता.

"बाई पुढं उतरल्यात," तिनं नवऱ्याला सांगितलं. आवाज असा की तो नळ सोडून उठला.

"वय झालं त्यांचं. जिना झेपत नसेल."

"खोली तळमजल्यावर आहे! आपलीही आणि तिचीही!"

"मग विचार की जाऊन."

"मी? मी तिच्या दारात जाऊ?"

ती गेली नाही. बस स्टँडवर मात्र गेली. एक जोडपं उतरलं, कडेवर तान्हं. बाप्यानं विचारलं, "तळ्यासमोरचं लॉज चांगलं आहे म्हणतात. कसं आहे?"

"लेकरू घेऊन तिथं जाऊ नका," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "ओल आहे तिथं. भिंतींना बुरशी. पोराला खोकला लागेल."

तिनं कित्येक वर्षांत त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भिंत सोडाच, तिनं तिथलं दारसुद्धा धड बघितलं नव्हतं. पण जोडपं घाबरलं आणि तिच्या मागोमाग आलं. शेजारी उभ्या रिक्षावाल्यानं ऐकलं. आठवडाभरात बसमधून उतरणारी माणसंच म्हणू लागली, "पुढच्या लॉजला ओल आहे म्हणे." धाकटीच्या खोल्या भरल्या, त्याही पहिल्या पसंतीनं. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण घास तोंडात फिरायचा. कारण अंगणातलं ते स्टूल काही हललं नव्हतं.

शेवटी एका सकाळी ती काठावर गेली. बाई चित्र काढत होत्या. मधूनमधून खोकत होत्या.

"रागावलीस?" बाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"मी कशाला रागावू? तुमची मर्जी. पाणी दिसतं ना तिकडून."

"पाणी मी इथं बसून रोज बघते. मी तिला बघायला गेले."

"कुणाला?"

"तुझ्या जावेला." बाईंनी ब्रश खाली ठेवला. "अगं, इतकी वर्षं मी तुझ्याकडं विश्रांतीला येते आणि तिला ऐकून परत जाते. ती कशी चालते, कशी हसते, कठड्याला कुठला रंग लावते. घरी गेल्यावर मला तळं आठवायचं नाही, तुझी जाऊ आठवायची. म्हटलं, एकदा माणूस बघून तरी घ्यावं."

धाकटीचे कान तापले. उठून जावं असं वाटलं, पण विचारलं मात्र, "मग? कशी आहे?"

"चांगली आहे. चहा पांचट करते."

तेवढंच जरा बरं वाटलं. आणि मग जे विचारायचं नव्हतं ते तिनं विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणते?"

"काही नाही."

"म्हणजे नावं ठेवते?"

"नाही गं. तुझा विषयच निघाला नाही. एकदाही नाही."

धाकटी घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. शिव्याशाप ऐकायची तयारी होती, उत्तरं तोंडपाठ होती. आपण जिच्यापायी इतकी वर्षं जळलो तिच्या बोलण्यात आपण नावालाही नाही, हे कुठं ठेवावं ते तिला कळेना. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा कुठंच नव्हता.

त्यानंतर दोनच दिवसांनी मागचं दार वाजलं. दारात थोरली. केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला.

"बसू का?"

"बसा ना, ताई." धाकटीनं पाट पुढं सरकवला.

थोरली बसली. "गावभर बोलतायत, माझ्याकडं ओल आहे म्हणून."

"कोण बोलतंय?"

"तू बोललीस. रिक्षावाल्यानं सांगितलं मला."

धाकटीला भांड्यांच्या मांडणीत शिरावंसं वाटलं. "ताई, मी…"

"तुला कळलं कसं पण?" थोरली हळू आवाजात म्हणाली. "मी तर त्या भिंतीला कपाट लावलं होतं. यांनासुद्धा माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तळमजल्याची भिंत काळी पडलीय गं. पाणी जमिनीतूनच चढतं. दर वर्षी खरवडते, रंग मारते, कपाट सरकवते. बाईंची खोली तीच. काल रात्रीपासून त्यांना ताप आहे, खोकून खोकून बेजार झाल्यात. डॉक्टर म्हणाले, कोरड्या जागी हलवा. माझ्या वरच्या खोल्यांना जिना आहे आणि त्यांना उभंही राहवत नाही. तुझ्याकडं नेशील?"

गप्प राहिली असती तर निभावलं असतं. जावेच्या नजरेत ती चाणाक्ष ठरली असती. पण त्या दोन वेगळ्या चपलांकडं बघून तिच्याच्यानं राहवेना.

"ताई, मला काही माहीत नव्हतं. मी मनचंच बोलले. तुमची गिऱ्हाइकं तोडायला."

थोरलीचा चेहरा लाल झाला. "बरं जमलं हो तुला! मनचं बोललीस आणि नेमकं खरं निघालं!" ती उठली, परत बसली. "तुमचं सगळं असंच. आधी विचारलं ते तुम्हाला. कोरडी भिंत घेतलीत तुम्ही. लोक पाणी बघून येतात माझ्याकडं, आणि मी ते पाणी भिंतीतनं पुसत बसते. तुझ्या गच्चीवर त्या शुभ्र चादरी वाळताना दिसल्या की मी खिडकी लावून घेते. माझ्याकडं चादरीसुद्धा कुबट होतात."

"मग बाईंपाशी माझं नावही का काढलं नाहीत?" धाकटीनं विचारलंच.

"काढलं असतं तर थांबले असते का मी?"

धाकटी उगाच ओटा पुसू लागली. मग थोरली म्हणाली, "ऊठ. म्हातारी तापानं फणफणलीय."

दोघा भावांनी बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या बोळातून आणलं. धाकटीनं जाड गादीवर निजवलं, उशा लावल्या, वाफारा दिला. बाई आपल्याकडं आल्या. हवं होतं तसंच झालं, फक्त असं व्हायला नको होतं. पहिले दोन दिवस तिनं बाईंच्या खोलीतून पाय काढला नाही. भीती होती, आणि शरमही. बोलायला मात्र काही नव्हतं. पलंगाच्या कडेला बसायची आणि तोंड उघडून परत मिटायची. बोलायला विषय म्हणून जो होता, तो आता निघण्यासारखा राहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "थोरली नाही का आली?"

झालं. रात्रंदिवस आपण करायचं आणि डोळे उघडून विचारायचं कुणाला!

थोरली रोज दुपारी येऊ लागली. ती आली की धाकटीला नेमकं त्याच खोलीत काम निघायचं. खिडकी पुसायची, तांब्या बदलायचा, पुसलेली खिडकी पुन्हा पुसायची. बाईंना हसू आवरेना. "एक तर दोघी बसा, नाहीतर दोघी जा. मला डुलकी काढायची आहे," त्या म्हणाल्या. दोघी बसल्या.

पुढचा तळमजला बंद झाला. भावांनी गिलावा विटेपर्यंत खरवडला. धाकटीचा नवरा तिथं आपल्या पान्यांसकट रमला. बस स्टँडवर धाकटी आता खरं तेच सांगायची, "पाणी बघायचं असेल तर पुढं वरच्या मजल्यावर जा. म्हातारं माणूस, लेकरू बरोबर असेल तर मागं या." सांगताना पहिल्या भागाला जीभ जरा अडखळायची. पुढच्या निळ्या कठड्यात कुणी उभं दिसलं की अजूनही तिची मान तिकडं वळते. पण आता ती नवऱ्याला येऊन सांगत नाही. नवऱ्याला चुकल्यासारखं वाटतं, म्हणे.

बाई बऱ्या होऊन गेल्या. पुढच्या वर्षी दोघींनी खोल्या तयार ठेवल्या, एकमेकींना न सांगता. बाईंचा फोन आला तो थोरलीला. धाकटी तिथंच होती. थोरलीनं ऐकलं, "बरं, बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

"कुठं उतरणारेत?" धाकटीनं विचारलं.

"कुठंच नाही. यंदा डोंगरात जातायत. हवा कोरडी आहे म्हणे. तिथं एक बाई घरगुती खोल्या देते. स्वभावानं फार गोड आहे म्हणे."

दोघी बाहेर येऊन काठावरच्या बाकावर बसल्या. होड्या येत जात होत्या.

"कोण असेल गं ती?" थोरली म्हणाली.

"असेल कुणीतरी," धाकटी म्हणाली. "गोड म्हणे! आठ दिवस राहून बघू देत, मग कळेल."